पापाची संज्ञा आणि गुलामगिरीचा शास्त्रार्थ

अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीच्या मुळाशी प्रोटेस्टंट धर्मश्रद्धा होती, हे विधान इतके रूढ झाले आहे की त्यातील अडचण सहसा ध्यानात येत नाही. गुलामगिरी हे ईश्वराविरुद्ध केलेले पाप होय असे मानणारे प्रोटेस्टंट होते आणि ती ईश्वराने मान्य केलेली व्यवस्था होय असे मानणारेही प्रोटेस्टंटच होते. दोघांच्या हाती एकच ग्रंथ होता, तोही बहुधा एकाच इंग्रजी भाषांतरात. आणि त्याचा अर्थ लावण्यासाठी पोपकडे पाहण्याचे कारण नाही, ही दोघांचीही निष्ठा. ४ मार्च १८६५ रोजी अध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेताना लिंकन यांनी नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले होते : युद्धातील दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचेच साहाय्य मागतात. तेव्हा श्रद्धेने सुधारणा घडविली एवढे म्हणून भागत नाही. त्या श्रद्धेच्या पोटात ग्रंथवाचनाच्या कोणत्या रीती वाढत होत्या, त्यांपैकी कोणत्या रीतीने सुधारणेला बळ दिले आणि त्याच रीतीने सुधारणेची मर्यादाही कशी आखून दिली, हा खरा प्रश्न आहे. तो जितका धर्मेतिहासाचा आहे तितकाच अर्थनिर्णयनाचाही आहे.

इतिहासलेखनात या संबंधाची मांडणी वेळोवेळी बदलत गेली. गिल्बर्ट बार्न्स यांनी १९३३ मध्ये चळवळीचे केंद्र बोस्टनच्या गॅरिसन यांच्याकडून हलवून न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील धर्मजागरणाकडे नेले. १९६० मध्ये क्लिफर्ड ग्रिफिन यांनी बायबलप्रसार, मद्यपाननिषेध अशा परोपकारी संस्थांमागे जुन्या प्रतिष्ठितांची समाजाला लगाम घालण्याची धडपड पाहिली. पुढे पॉल जॉन्सन यांनी १९७८ मध्ये रॉचेस्टर शहराच्या नोंदी तपासून असे दाखविले की, जागरणात पुढे असलेल्यांमध्ये कारखानदार आणि कारागिरांना कामावर ठेवणारे मालक ठळक होते. त्यांना न पिणारा, वेळेवर येणारा कामगार हवा होता. हे विश्लेषण खोडून काढण्यासारखे नाही. मात्र मालकाला शिस्तीचा कामगार हवा होता एवढ्यावरून, त्याच सभांतून उठलेले तरुण जमावाचे दगड झेलत गावोगाव गुलामगिरीविरुद्ध का बोलत फिरले, याचा उलगडा होत नाही.

त्यासाठी पापाच्या कल्पनेतच झालेला पालट पाहावा लागतो. न्यू इंग्लंडच्या जुन्या कॅल्व्हिनपंथी शिकवणीत मनुष्य जन्मतःच पतित मानला जाई. त्याचे तारण ईश्वराच्या पूर्वनियोजित कृपेवर अवलंबून, आणि माणसाच्या हाती उरे ते वाट पाहणे. जोनाथन एडवर्ड्स हे या परंपरेतील थोर चिंतक, आणि त्यांच्या घरी गुलाम होते. त्यांचे शिष्य सॅम्युएल हॉपकिन्स ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट या, गुलामांच्या व्यापारावर पोसलेल्या बंदरात पाळक होते. खरा सद्गुण म्हणजे निःस्वार्थ परहितबुद्धी, हा गुरूकडून घेतलेला विचार त्यांनी समोरच्या धक्क्याला लागणाऱ्या जहाजांना लावून पाहिला आणि १७७६ मध्ये गुलामगिरीविरुद्ध एक संवादरूप पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी गुलाम बाळगणाऱ्यांना आपल्या मंडळीबाहेर ठेवण्याचे ठरविले. या गोष्टी महत्त्वाच्या असल्या तरी त्या एका मंडळीच्या शुद्धीपुरत्या होत्या. त्यांतून जनचळवळ उभी राहण्यास आणखी पन्नाससाठ वर्षे लागली.

ती उभी राहिली चार्ल्स ग्रँडिसन फिनी (१७९२-१८७५) यांच्या प्रवचनांच्या काळात. फिनी यांनी वकिलीचे शिक्षण घेतले होते आणि ते त्यांच्या वक्तृत्वातून कधी गेले नाही. सप्टेंबर १८३० पासून पुढे सहा महिने रॉचेस्टरमध्ये त्यांनी जी जागरणे घेतली, त्यांचा गाभा एकच होता. पाप ही वारशाने आलेली अवस्था नाही, ते स्वतःच्या इच्छेने केलेले कृत्य आहे. आणि जे इच्छेने केले ते इच्छेने याच घटकेला टाकता येते. आत्म्याच्या काळजीने व्याकूळ झालेल्यांसाठी सभेच्या पुढच्या बाजूला एक बाक ठेवलेले असे. वकील पंचांकडे निर्णय मागतो तसा फिनी श्रोत्यांकडे निर्णय मागत, आणि तो त्याच रात्री. 'उद्या पश्चात्ताप करीन' असे म्हणणे हे त्यांच्या लेखी आणखी एक पाप होते. आपल्याकडील प्रायश्चित्ताच्या कल्पनेशी याची तुलना केली तर वेगळेपण स्पष्ट होईल. प्रायश्चित्ताला विधी असतो, मुदत असते, दक्षिणा असते. फिनी यांच्या पश्चात्तापाला फक्त क्षण आहे.

हा क्षण गुलामगिरीला लावला की तोवरची सारी समंजस उत्तरे कोसळतात. १८१६ मध्ये स्थापन झालेल्या वसाहतवादी सोसायटीची योजना अशी होती की, मुक्त झालेल्या काळ्या माणसांना हळूहळू आफ्रिकेत नेऊन बसवावे. अनेक सुबुद्ध पाळक तिचे पाठीराखे होते. पण गुलामगिरी पाप असेल तर तिच्याविषयी हप्त्याहप्त्याने पश्चात्ताप करता येत नाही. १ जानेवारी १८३१ रोजी गॅरिसन यांनी 'लिबरेटर' हे पत्र सुरू केले ते तात्काळ मुक्तीच्या याच मागणीसाठी. ही मागणी केवळ फिनी यांच्या सभांतून निघाली असे मात्र नाही. इंग्लंडमधील एलिझाबेथ हेरिक यांनी ती १८२४ मध्येच मांडली होती. आणि त्याहीपूर्वी, जानेवारी १८१७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये जमलेल्या सुमारे तीन हजार काळ्या नागरिकांनी आफ्रिकेत जाण्याची योजना फेटाळली होती. बोस्टनच्या डेव्हिड वॉकर यांचे १८२९ मधील आवाहन तर ख्रिस्ती राष्ट्राला ख्रिस्ती न्यायाची धमकीच देणारे होते. गोऱ्या धर्मजागरणाला तात्काळतेचा शोध लागण्याआधी काळ्या मंडळ्यांना तिची निकड ठाऊक होती, हे इतिहासलेखनाने उशिरा मान्य केले.

फिनी यांच्या प्रभावाखाली आलेले थिओडोर वेल्ड हे या मंथनातले सर्वांत प्रभावी कार्यकर्ते. सिनसिनाटीच्या लेन या धर्मशिक्षणसंस्थेत फेब्रुवारी १८३४ मध्ये त्यांनी घडवून आणलेली चर्चा अठरा रात्री चालली. नदीच्या पलीकडे केंटकी, म्हणजे गुलामांचे राज्य. चर्चेअंती बहुतेक विद्यार्थी तात्काळ मुक्तीच्या बाजूने वळले. विश्वस्तांनी असल्या चर्चांवर बंदी घातली, तेव्हा विद्यार्थ्यांनी संस्था सोडली आणि त्यांतील पुष्कळजण ओबर्लिनला गेले. ओबर्लिनने १८३५ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांना दार उघडले, १८३७ मध्ये स्त्रियांना पदवीच्या वर्गात घेतले. फिनी तेथेच प्राध्यापक झाले. पण न्यूयॉर्कमधील आपल्या चर्चमध्ये गुलाममालकांना प्रभुभोजन नाकारणाऱ्या याच फिनी यांनी तेथे काळ्या उपासकांची बैठक वेगळी ठेवली होती, आणि १८३६ मध्ये वेल्ड यांना सल्ला दिला होता की, मुक्तीचे कार्य जागरणाला जोडून चालावे, त्याच्या पुढे जाऊ नये. आत्म्याच्या पालटाने समाज आपोआप पालटेल, ही त्यांची खात्री. या खात्रीची किंमत पुढे दिसणार होती.

तात्काळतेच्या घोषणेला खरा अडथळा आला तो ग्रंथाकडून. अब्राहामाच्या घरी दास होते. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात भोवतालच्या राष्ट्रांतून दास विकत घेण्यास व ते मुलांना वारसा म्हणून देण्यास अनुज्ञा आहे. पौल दासांना धन्याची आज्ञा पाळावयास सांगतो, आणि अनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवितो. येशूने गुलामगिरीचा नाव घेऊन निषेध केल्याचे कोठेही आढळत नाही. दक्षिणेतील धर्मोपदेशकांना यापलीकडे काही करण्याची गरजच नव्हती. वचने वाचून दाखविली की पुरे. त्यांची बाजू दुष्ट होती म्हणून ती दुबळी होती असे समजणे ही नंतरच्या वाचकांची सोय आहे. १८४५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या पत्रव्यवहारात ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष फ्रान्सिस वेलंड आणि दक्षिण कॅरोलिनाचे रिचर्ड फुलर, दोघेही बाप्टिस्ट, अत्यंत सभ्यपणे वाद घालतात. वेलंड म्हणतात की, नव्या कराराने गुलामगिरीवर नियम सांगितला नाही, परंतु तिला गिळून टाकणारी तत्त्वे सांगितली. फुलर विचारतात की, एवढे घोर पाप ईश्वराने स्पष्ट शब्दांत न निषेधिता तत्त्वांच्या आड का लपवावे ? शब्दप्रामाण्य मानणाऱ्या सभेत फुलर यांचे पारडे जड होते. अँडोव्हरचे मोझेस स्टुअर्ट हे उत्तरेतील बायबलविद्येचे अग्रगण्य पंडित. त्यांनीही १८५० मध्ये गुलामगिरी मुळातच पाप आहे असे ग्रंथावरून सिद्ध होत नाही, असा निर्वाळा दिला. दरम्यान १८४४ मध्ये मेथडिस्ट आणि १८४५ मध्ये बाप्टिस्ट पंथ याच प्रश्नावर उत्तर-दक्षिण असे फुटले होते. मार्क नॉल या इतिहासकारांनी २००६ मध्ये यादवी युद्धाला धर्मशास्त्रीय पेचप्रसंग म्हटले ते यामुळे. हा शास्त्रार्थ अखेर ग्रँट आणि शर्मन या सेनापतींनी निकालात काढला, असा त्यांचा उपरोध आहे.

मुक्तिवाद्यांनी प्रथम शब्दांच्याच मैदानावर लढून पाहिले. १८३७ मध्ये वेल्ड यांनी मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ गुलाम नसून चाकर असा आहे, ते दास्य स्वेच्छेचे व कराराचे होते, असे प्रतिपादन केले. मराठी बायबलात या ठिकाणी 'दास' शब्द येतो आणि भक्तिपरंपरेमुळे मराठी कानाला त्यात समर्पणाचा सूरही ऐकू येतो. पौलही स्वतःला ख्रिस्ताचा दासच म्हणवितो. पण शब्दाच्या अशा लवचिकपणावर एका राष्ट्राची नीती उभी राहू शकत नव्हती. वेल्ड यांनाही ते कळले असावे. कारण दोनच वर्षांनी, १८३९ मध्ये, त्यांनी पत्नी अँजेलिना आणि मेहुणी सारा या ग्रिम्के भगिनींच्या साहाय्याने जे पुस्तक सिद्ध केले त्यात हिब्रूची चर्चा नाही. दक्षिणेतील वृत्तपत्रांच्या हजारो अंकांतून त्यांनी मालकांनीच दिलेल्या जाहिराती वेचल्या. पळालेल्या माणसाची ओळख पटावी म्हणून मालकाने त्यात डागाची खूण, चाबकाचे वळ, तुटलेला कान यांचे निर्विकार वर्णन केलेले असे. वेल्ड यांनी त्यावर भाष्य जवळजवळ केलेच नाही. वाचनाची संहिताच बदलली : पाप आहे की नाही हे आता लेवीयाच्या अध्यायात शोधायचे नव्हते, ते प्रतिपक्षाच्या गद्यात छापलेले होते.

ग्रिम्के भगिनींचा उल्लेख केवळ साहाय्यक म्हणून करणे अन्यायाचे ठरेल. दक्षिण कॅरोलिनातील गुलाममालकाच्या घरात जन्मलेल्या या दोघी जाहीर सभांतून बोलू लागल्या, तेव्हा १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पाळकांनी एका पत्राद्वारे पौलाच्याच आधारे त्यांना गप्प राहण्यास सुचविले. सारा यांच्या उत्तरात, पुरुषांनी केलेली भाषांतरे व पुरुषांनी लिहिलेली भाष्ये यांबद्दल उघड शंका आहे. अक्षराकडून आशयाकडे जाणारी वाट एकदा मोकळी झाल्यावर तिच्यावरून कोणकोण चालत येईल हे पाळकांच्या हाती राहिले नाही.

या वाटेचे सर्वांत धीट वाचक मात्र ते होते, ज्यांना वाचण्याचीच बंदी होती. प्रत्येकाने ग्रंथ स्वतः वाचावा हा प्रोटेस्टंट पंथाचा पाया. आणि त्याच पंथाच्या दक्षिणेतील अनेक राज्यांनी १८३० च्या दशकात गुलामांना अक्षर शिकविणे हा गुन्हा ठरविला. तरीही श्रवणातून आणि गाण्यांतून त्यांचे एक बायबल तयार झाले. त्याचा मध्य पौलाची पत्रे नव्हती. मिसरातून सुटून आलेले इस्राएल होते. जॉर्जियाचे पाळक चार्ल्स कोलकॉक जोन्स यांनी १८३३ मधील एका प्रसंगाची नोंद करून ठेवली आहे. गुलामांच्या सभेत ते फिलेमोनास लिहिलेल्या पत्रावर प्रवचन करीत होते आणि पळून जाणे कसे पाप आहे हे सांगत होते. अर्धी सभा उठून चालती झाली. जे थांबले त्यांतील काहींनी, असे पत्र बायबलात नाहीच, असे त्यांना ठामपणे सांगितले. जोन्स यांनी हे अज्ञान मानले. वस्तुतः एखाद्या संहितेचा कोणता भाग प्रमाण आणि कोणता प्रक्षिप्त हे ठरविण्याचा अधिकार त्या सभेने त्या दिवशी बजावला होता. काळे धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांनी १९४९ मध्ये आपल्या आजीची हकीकत सांगितली आहे. गुलामगिरीत वाढलेली ही निरक्षर बाई नातवाकडून बायबल वाचून घेई, पण पौलाची पत्रे, एक प्रेमाचा अध्याय सोडून, वाचू देत नसे. मालकाचा पाळक नेहमी तेवढेच वाचीत असे म्हणून. पंडितांना जे धाडस झाले नाही ते या वाचकांनी सहज केले, आणि ग्रंथ सोडला नाही.

पांडित्याला न सुटलेला पेच कादंबरीने कसा ओलांडला हे पाहण्यासारखे आहे. हॅरिएट बीचर स्टो या लेनचे अध्यक्ष लायमन बीचर यांच्या कन्या. त्यांचे पती तेथेच बायबल वाङ्मयाचे प्राध्यापक. म्हणजे हा शास्त्रार्थ त्यांच्या घरातलाच. 'अंकल टॉम्स केबिन' १८५१-५२ मध्ये क्रमशः आणि मार्च १८५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. वर्षभरात अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. तिच्या बाराव्या प्रकरणात एका आगबोटीवर दोन धर्मोपदेशक वाद घालतात. एक कनानाला मिळालेल्या शापाचा दाखला देतो, दुसरा, आपल्याला जसे वागवावेसे वाटते तसे इतरांना वागवा, या वचनाचा. लेखिका निवाडा देत नाही. बोट पुढे जाते, तळाशी बेड्या घातलेली माणसे आहेत. लुसी नावाच्या स्त्रीचे तान्हे मूल तिच्या नकळत विकले जाते आणि त्या रात्री ती नदीत उडी घेते. सकाळी गुलामांचा व्यापारी हिशेबाच्या वहीत तिच्या नावे तोटा मांडतो. वर डेकवर वचनांची देवघेव आणि खाली वहीतली नोंद, हे साहचर्य हीच स्टो यांची टीका आहे.

या कादंबरीच्या भावविवशतेवर जेम्स बॉल्डविन यांनी १९४९ मध्ये कठोर प्रहार केला : तिच्यात माणूस नाही, पापभयाने पछाडलेली धर्मकल्पना आहे, आणि काळ्या कातडीला त्या कल्पनेत काळिमाच मानले आहे. १९८५ मध्ये जेन टॉम्पकिन्स यांनी उलट बाजू मांडली की, अश्रू हेच या वाङ्मयप्रकाराचे राजकारण आहे. मृत्यूतून तारण ही तिच्या वाचकांना कळणारी सत्तेची भाषा होती. टॉम्पकिन्स यांचे म्हणणे ऐतिहासिकदृष्ट्या खरे आहे, पण बॉल्डविन यांचा आक्षेप त्याने बुजत नाही. टॉम मरतो आणि तरतो. जॉर्ज हॅरिस हा बुद्धिमान, बंडखोर नायक शेवटी लायबेरियाला निघतो. अमेरिकेत मुक्त काळ्या माणसाने राहायचे कोठे आणि खायचे काय, याला कादंबरीत जागा नाही. पापाचा पश्चात्ताप वाचकाने करायचा आहे. पश्चात्तापानंतरचा दिवस कथेच्या बाहेर आहे.

तो दिवस १८६५ मध्ये उजाडला. १२ जानेवारीच्या संध्याकाळी सव्हाना शहरात जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना व मंडळीप्रमुखांना भेटीस बोलाविले. त्यांच्या वतीने ६७ वर्षांचे बाप्टिस्ट उपदेशक गॅरिसन फ्रेझर बोलले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी सोन्याचांदीत एक हजार डॉलर मोजून स्वतःला व पत्नीला सोडवून घेतले होते. तुम्ही आपला निर्वाह कसा कराल असे विचारताच त्यांनी जमीन मागितली. ती आम्ही आमच्या कष्टाने कसू आणि पुढे विकत घेऊ, असे सांगितले. चार दिवसांनी शर्मन यांनी किनारपट्टीतील जमिनी कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी तो व्यवहार उलटवून जमिनी जुन्या मालकांना परत केल्या. दरम्यान मे महिन्यात, 'लिबरेटर'चे गॅरिसन यांनी गुलामगिरीविरोधी सोसायटी विसर्जित करावी असा ठराव आणला. कार्य पूर्ण झाले आहे, असे त्यांचे म्हणणे. ठराव पडला, ते बाहेर पडले, आणि १८७० मध्ये सोसायटी बंद झालीच.

दोन गॅरिसन, एकच वर्ष. एकाच्या लेखी पाप संपले होते, म्हणून काम संपले. दुसऱ्याच्या लेखी स्वातंत्र्य हे नांगराखालच्या जमिनीचे नाव होते. पहिल्याच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्या संज्ञेतच ती मर्यादा होती. गुलामगिरीला पाप म्हटल्यामुळे ती क्षणात टाकण्याची मागणी करता आली, आणि पाप म्हटल्यामुळेच ती टाकून झाल्यावर पुढे काही उरत नव्हते. या विधानाला अपवाद आहेत. १८४६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मिशनरी असोसिएशनने दक्षिणेत फिस्क, हॅम्प्टन यांसारख्या संस्था उभ्या केल्या, आणि तेथील शिक्षकांनी गोऱ्या शेजाऱ्यांचा बहिष्कार सोसला. परंतु सुधारणेचा मुख्य ओघ लवकरच दारूकडे वळला, जेथे पाप पुन्हा व्यक्तीच्या हातातल्या पेल्याइतके सुटसुटीत होते. समाजाच्या संस्थांमध्येच पाप साठून राहते, हा विचार वॉल्टर राउशेनबुश यांनी १९०७ नंतर मांडला. आणि त्यांनीही वर्णप्रश्नावर फारच थोडे लिहिले.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रात येतो. अमेरिकन मिशनरी असोसिएशन ज्या असंतोषातून निघाली तो अमेरिकन बोर्ड या जुन्या मिशनसंस्थेविरुद्धचा होता. चेरोकी आणि चॉक्टॉ लोकांमधील आपल्या मंडळ्यांत गुलाममालकांना सभासद राहू देऊ नये, ही मागणी बोर्डाने १८४५ मध्ये टाळली होती. हाच बोर्ड १८१३ पासून मुंबईत आणि पुढे अहमदनगरला काम करीत होता. त्याच्याच सिंथिया फॅरार यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक फुले यांनी नीग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. अर्पणपत्रिका अमेरिकेला उद्देशून आहे, मिशनला नव्हे. हा भेद सहसा दुर्लक्षिला जातो. फुले यांनी अमेरिकन मुक्तिवाद्यांची कृती घेतली, त्यांचे ग्रंथप्रामाण्य घेतले नाही. वेलंड यांना ग्रंथ वाचवून गुलामगिरी मोडायची होती. 'गुलामगिरी'तील जोतीराव धोंडीबाशी बोलताना अवतारकथांचा ग्रंथच साक्षीदार म्हणून उभा करतात आणि त्याची उलटतपासणी घेतात, जवळजवळ वेल्ड यांनी जाहिरातींची घेतली तशी. आणि दहा वर्षांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांच्यासमोर होते ते पाप नव्हते. कर्ज, सारा, पाणी आणि जमीन होती. सव्हानाच्या त्या बैठकीचा वृत्तांत त्यांनी वाचला असण्याचा संभव जवळजवळ नाही.